माडीच्या दुकानाचं मागचं दार

माडीच्या दुकानात बाईमाणसानं पुढच्या दारानं जाऊ नये, असं कुठे लिहिलेलं नाही. तरी कर्नाटकच्या किनाऱ्यावर कुंदापूरच्या बाजूला अशा दुकानांतून फिरताना प्रत्येक ठिकाणी एकच घडलं. मी पायरीवर पाय ठेवला की आतला आवाज बंद. बाकांवरचे पुरुष माझ्याकडे बघायचे नाहीत, उठायचे नाहीत, नुसते गप्प व्हायचे. वर्गात शाळा तपासनीस शिरल्यावर मुलं होतात तसे. मग मालक बाहेर येऊन अदबीनं म्हणायचा, "अम्मा, मागून या. तिकडे वारा आहे."

वारा होता हे खरं. आणि स्वयंपाकघर तिकडेच असायचं, म्हणून माझी काही तक्रार नाही. मी त्यासाठीच गेले होते.

माझा धाकटा भाऊ वसंत बंगळुरात, कोरमंगलाला पब काढतो आहे. तिथे दर चार दुकानांनंतर एक पब आहेच, तेव्हा आपला वेगळा हवा, असं त्याच्या मनानं घेतलं. समुद्रकाठच्या खेड्यात माडीचं दुकान असतं तसा पब: लाकडी बाकं, मंगलोरी कौलं, मातीची भांडी आणि चुलीवरचे मासे. माडी सोडून सगळं, कारण माडी किनाऱ्यावरच मिळते, बंगळुरात नाही. जागा ठरली, कौलं आली, बाकं आली. रांधणारं माणूस मात्र मिळेना. कुणीतरी त्याला सांगितलं की कुंदापूरच्या पुढे खाडीकाठच्या एका दुकानात लीला नावाच्या बाई आहेत, लोक माडीसाठी कमी आणि त्यांच्या माशांसाठी जास्त येतात.

"अक्का, बाईशी बोलायला बाईच लागते. तू चल," वसंत म्हणाला.

बंगळुराबाहेर होसकोटेच्या एका कारखान्याचं कँटीन मी चालवते. माणसं ठेवणं आणि वेळ आली तर काढणं, दोन्ही मला जमतं, हे त्याला ठाऊक आहे. शिवाय आमच्या आजोबांचं बंगळुरात मिलिटरी हॉटेल होतं, म्हणजे सामिष खाणावळ. मटण, रागीमुद्दे म्हणजे नाचणीचे उकडलेले गोळे, खिमा. हा धंदा आपल्या रक्तातच आहे, असं वसंत सगळ्यांना सांगतो. रक्तात असता तर आम्ही ते हॉटेल बंद पडू दिलं नसतं, असं मी मनात म्हणते.

बंगळूर ते किनारा हा प्रवास वर्णन करण्यासारखा नाही. झोप येते, मान दुखते, पोचतो. एवढं मात्र सांगते की पुढची सगळी बोलणी कानडीत झाली. आमची बंगळुरी कानडी आणि तिकडची कुंदापुरी कानडी यांत इतकं अंतर आहे की पहिला दिवस आम्ही एकमेकांशी परदेशी पाहुण्यांशी बोलावं तसं सावकाश बोलत होतो. इथे मराठीत लिहिते.

हमरस्त्यावर

पहिलं जेवण हमरस्त्यावरच्या एका नव्या ठिकाणी झालं. दारात जुनी होडी उलटी टांगलेली, भिंतीवर जाळी, वेटरांच्या कमरेला लुंगी आणि पायात बूट. मेन्यूकार्ड नारळाच्या झावळीत गुंडाळून दिलं. बांगडा चांगला होता, पण फ्रिजमधून आलेला होता. वसंतानं होडीचे फोटो काढले आणि मग एकदम त्याचा चेहरा पडला.

"अक्का, माझंही असंच दिसणार का?"

"होडी नको टांगूस, म्हणजे झालं."

"थट्टा नको. लोकांना खोटं लगेच कळतं."

"कुठे कळतं? बघ, सगळी टेबलं भरलेली आहेत."

त्यानं काढलेले होडीचे फोटो एकेक करून पुसून टाकले.

खाडीकाठी

लीलाबाईंचं दुकान शोधायला वेळ लागला, कारण त्याला धड पाटीच नाही. नारळीच्या बागेतून एक कच्चा रस्ता खाडीकडे उतरतो, तिथे एक बैठं कौलारू घर आहे. पुढे ओसरी, ओसरीवर चार बाकं. भिंतीला चुना. एका कोपऱ्यात देवाचा दिवा, दुसऱ्या कोपऱ्यात माडीचं पिंप. गाणी नाहीत, टीव्ही नाही. बंगळुरात पबमध्ये आपलाच आवाज आपल्याला ऐकू येत नाही. इथे शेजारच्या बाकावरचा माणूस मासा चोखतो तेही ऐकू येतं.

कोकणात जिला माडी म्हणतात तिला इकडे शेंदी म्हणतात. नारळाच्या पोईतून सकाळी उतरवलेली माडी गोडसर आणि पातळ ताकासारखी असते. दुपारपर्यंत ती आंबते, संध्याकाळी डोक्यात जाते. ज्याला जशी झेपते तसा तो वेळ धरून येतो. सकाळी म्हातारे, दुपारी बोटीवरून परतलेले, संध्याकाळी बाकीचे. पिंप रिकामं झालं की दुकान बंद. "अजून आण" म्हणायची सोयच नाही, कारण झाड दिवसातून ठरलेलं तेवढंच देतं.

दुकानाची रीत अशी की मासे गिऱ्हाइकानं आणायचे. आम्ही बसलो होतो तेवढ्यात एक जण आला, ओली पिशवी स्वयंपाकघराच्या खिडकीतून आत सरकवली आणि बाकावर जाऊन बसला. नाव सांगितलं नाही, काय करायचं तेही सांगितलं नाही. आतून एक हात आला, पिशवी घेऊन गेला. त्यातले थोडे मासे दुकानाच्या पातेल्यात जातात, तीच रांधण्याची मजुरी. ज्यांनी मासे आणले नाहीत ते त्या पातेल्यातलं खातात. आम्ही त्यांतले.

वसंताला मालक शेखर यांनी पुढे बसवलं. मला "मागून या, वारा आहे."

मागच्या पडवीत

मागच्या पडवीत बायकांचाही पबच भरला होता. फक्त प्यायला उकड्या तांदळाची पेज होती. आजूबाजूच्या घरांतल्या चारपाच जणी पातेली घेऊन कढी न्यायला आलेल्या, आणि न्यायची घाई एकीलाही नाही. मी बसले तशी त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघून घेतलं. बातमी आमच्या आधी पोचली होती.

"लीलक्का, तुला मागणी आलीय बंगळुराहून," गिरिजा नावाची एक शेजारीण आत बघून ओरडली. "नवरा मुलगा पुढे बसलाय. टक्कल आहे, पण गाडी मोठी आहे!"

"टक्कल असू दे. भांडी घासतो का विचार," आतून उत्तर आलं, आणि पाठोपाठ खोकला.

तो खोकला मी नंतर खूप ऐकला. कोरडा, छातीच्या तळातून येणारा. सुरू झाला की बाई भिंतीला हात लावून उभी राहायची. मी आत डोकावले. स्वयंपाकघराला धुराडं असं नव्हतंच, कौलांमधून जाईल तेवढा धूर जात होता. तीन चुली, नारळाच्या झावळ्यांचं आणि करवंट्यांचं जळण, आणि त्यांच्यामध्ये लीलाबाई. साधारण माझ्याच वयाच्या. कमरेला खोचलेल्या बटव्यातून त्यांनी दम्याचा पंप काढला, तोंडात दाबला, परत खोचला आणि तारल्या उलथल्या.

"अम्मा, तुम्ही बाहेर बसा. डोळे जातील," त्या म्हणाल्या.

"अम्मा म्हणू नका. आपण एका वयाच्या."

"सरी, बरं. अक्का म्हणते. आता बाहेर बसा."

पान आलं. तारल्यांची दाट कढी, त्यात तिरफळ, परतलेल्या तिसऱ्या, वर ओलं खोबरं, तळलेला बांगडा, उकड्या तांदळाचा भात. मी रोज शेकडो लोकांचं जेवण चाखते आणि सहसा मला एवढंच कळतं की मीठ बरोबर आहे की नाही. इथे मी बोलणं थांबवलं आणि जेवले. कढीला करवंटीच्या धुराचा एक वास होता, आंबटाच्या मागून येणारा. तो मसाल्यात नव्हता. पुढे काय झालं ते वाचताना हे लक्षात असू द्या: धुरानं पडणारा फरक मला कळला होता.

सगळ्या जणी गेल्यावर लीलाबाई पायरीवर येऊन बसल्या. त्यांनी मला काही विचारू दिलं नाही, स्वतःच सुरुवात केली.

"भाऊ न्यायला आलाय ना? मी येणार आहे. मला इथून निघायचंय."

नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. दुकान दिराचं, शेखर यांचं. ते वाईट नाहीत. मुलगी बंगळुरात जयनगरच्या एका इस्पितळात नर्स आहे, पंप तिनेच आणून दिला. डॉक्टरांनी बजावलंय की चुलीपासून लांब व्हा, नाहीतर हा पंपही पुरायचा नाही. शेखर यांनी लीलाबाईंसाठी मध्यंतरी गॅस आणला होता. आठवड्याभरात गिऱ्हाइकांनी पानं परत पाठवायला सुरुवात केली. कढीला वास नाही म्हणाले. गॅस आता शेखर यांच्या घरी आहे, चहा होतो त्यावर.

"भावाला खोकल्याचं सांगू नका," त्या म्हणाल्या. "आजारी बाई कोण नेईल?"

मी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही.

"आणि तुमचं काय दुकान आहे?"

मी कँटीनचं सांगितलं.

"भांडी कोण घासतं?"

"मशीन. मोठी पातेली माणसं घासतात."

"नारळ?"

"खवून येतो."

"अरे देवा!" लीलाबाई म्हणाल्या आणि हसता हसता पुन्हा खोकल्या.

बाटली

इथे एक अपघात नोंदवते. शेखर यांनी निघताना वसंताला कौतुकानं ताजी माडी दिली, बाटलीच्या तोंडाला नुसता केळीच्या पानाचा बोळा खोचून. वसंताला वाटलं, सांडेल. त्यानं बोळा फेकून बूच गच्च लावलं, बाटली मागच्या सीटवर ठेवली आणि आम्ही समुद्र बघायला गेलो. परत आलो तेव्हा गाडीभोवती कुत्री जमली होती. बूच छताला लागलं होतं आणि सीट, पायपुसणी, वसंताचं जाकीट, सगळं न्हालं होतं. माडी पोटात वारा धरते, तिला श्वास घ्यायला जागा लागते. हे तिकडे सगळ्यांना इतकं ठाऊक आहे की कुणी सांगितलंच नाही.

गाडी दुकानावर परत नेली तेव्हा शेखर पोट धरून हसले. मग पुसायला स्वतः बादली घेऊन आले, आणि पुसता पुसता मला हळूच म्हणाले, "अम्मा, अत्तिगेला नेणार ना तुम्ही?" अत्तिगे म्हणजे वहिनी.

"त्या म्हणतात तसं."

"मी अडवणारा कोण? पण त्या गेल्या तर इथे शेंदी राहील नुसती. नुसती शेंदी प्यायला माणूस झाडाखाली बसतो, दुकानात कशाला येईल?" फडकं पिळून ते पुढे म्हणाले, "माझी बायको करते स्वयंपाक. घरात. चांगला करते. पण चांगला वेगळा."

काच

दुसऱ्या दिवशी वसंत मागच्या पडवीत येऊन बसला आणि त्यानं लीलाबाईंना फोनवर पबचा नकाशा दाखवला. त्याला लाजायचं काही कारण नव्हतं, त्यानं मेहनत घेतली होती. मधोमध स्वयंपाकघर, चारी बाजूंनी काच. आत तीन चुली, अगदी इथल्यासारख्या. गिऱ्हाईक बाकावर बसून बघणार: जळण, धूर, मातीचं पातेलं, लीलाबाई.

"धूर जाणार कुठून?" त्यांनी विचारलं.

"वर मोठी चिमणी आहे. आणि काच आहेच, गिऱ्हाइकाला त्रास नाही."

लीलाबाईंनी फोन जरा लांब धरून बघितला. "काचेच्या आत मी, बाहेर गिऱ्हाईक," त्या म्हणाल्या. "म्हणजे धूर मलाच."

वसंत हसला. त्याला तो विनोद वाटला. मग त्यांना खोकला आला आणि या वेळी लपवता येईना. पंप काढावाच लागला. वसंतानं माझ्याकडे बघितलं.

त्याला घेऊन मी खाडीपर्यंत चालत गेले. डॉक्टरांचं सांगितलं, गॅसचं सांगितलं, शब्द दिला नव्हता म्हणून सगळंच सांगितलं.

"चूल काढ, ती येईल," मी म्हटलं.

"चूल काढली तर उरलं काय? तू काल जेवलीस ना? खरं सांग, गॅसवर तसं होतं?"

"नाही होत."

"मग? मी आणि तो होडीवाला यांच्यात फरक काय राहिला?"

"काही नाही राहिला."

"अक्का, तू माझ्या बाजूची आहेस की नाही?"

त्याचं चुकत नव्हतं. त्याला खरं हवं होतं, आणि खरं होतं ते त्या धुरातच होतं. मी एवढंच म्हटलं की चिमणीवाल्याला नीट विचार, काचेच्या आत उभ्या असलेल्या माणसाच्या छातीत किती धूर जाईल. तो म्हणाला, विचारतो. आणि मग म्हणाला, "दुसरी बाई मिळेल का गं इथे? तरुण? दमा नसलेली?"

हे ऐकायला वाईट वाटतं. पण मीही माणसं ठेवते, आणि ठेवताना हेच बघते, फक्त मोठ्यानं बोलत नाही.

परत आलो तेव्हा लीलाबाई तिसऱ्या सोलत होत्या. वसंत पुढे निघून गेला. त्या मान वर न करता म्हणाल्या, "नको म्हणाला ना?"

"नको नाही म्हणाला. चूल हवीच म्हणाला."

"तेच ते."

त्यांनी हातातला शिंपला टोपलीत टाकला. मग: "अक्का, तुमच्या कँटीनमध्ये भात कशावर शिजतो?"

"वाफेवर. बॉयलर बाहेर आहे, वाफ नळानं आत येते. नळ फिरवायचा."

"आग?"

"आत आग नाही."

"मासे?"

"नाहीत. सांबार, भाजी-पल्या, शुक्रवारी अंडी. मासे कारखान्याला चालत नाहीत, वास येतो म्हणतात."

हात चालू होते, पण मान आणखी खाली गेली होती. लहानपणापासून जे येतं ते सगळं माशांचंच येतं, सांबार काय कोणीही करेल, असं काहीतरी त्यांच्या मनात चाललं असावं. निदान माझ्या मनात तरी तेच चाललं होतं. मी त्यांना आग्रह केला नाही. माझ्याकडची मुख्य स्वयंपाकीण लग्नाला म्हणून गावी गेली ती परतलेली नाही, हे मात्र सांगितलं. कँटीनमागे राहायला खोल्या आहेत, रविवारी सुट्टी, हेही सांगितलं.

"रविवारी जयनगरला जाता येईल?"

"दोन बस बदलून."

"आयतु," लीलाबाई म्हणाल्या. म्हणजे झालं, ठरलं. "पण उद्याच निघायचं. परवा म्हटलं की शेखर रडेल आणि मी राहीन."

निघताना

शेखर रडले नाहीत. सकाळी ते स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले आणि म्हणाले, "अत्तिगे, आज दुपारची कढी तेवढी करून जा."

"आणि उद्याची?"

"उद्याची प्रेमा करेल." प्रेमा म्हणजे त्यांची बायको. ती मागे उभी होती, लग्नात फोटोला उभं केल्यासारखी.

लीलाबाईंनी प्रेमाला चुलीपाशी बसवलं आणि स्वतः दारात, वाऱ्याच्या बाजूला बसून सांगत राहिल्या. आता चिंच. नको, थांब. हलवू नकोस गं, मासा आहे, रागीमुद्दा नाही. पुढच्या ओसरीवर लोक जमले होते, आणि रोजच्यापेक्षा जास्त जमले होते. पानं गेली. पहिलं पान एका म्हाताऱ्याचं होतं. त्यानं एक घास घेतला, दुसरा घेतला, मग खिडकीकडे तोंड करून म्हणाला, "प्रेमा, तिखट जरा कमी." आणि पान पुसून खाल्लं. शेखर यांनी माझ्याकडे बघून खांदे उडवले. एवढ्यावर दुकान तरेल की नाही, मला सांगता येणार नाही. परत मात्र पान आलं नाही.

गिरिजा निरोपाला आली होती. "मुलगा सोडून त्याच्या बहिणीशीच सोयरीक केलीस की गं!" ती म्हणाली, आणि नंतर लीलाबाईंच्या पिशवीत सुकटीचं पुडकं कोंबलं. माडीचा वास अजून गेला नव्हता त्या सीटवर आता सुकटही आली.

वसंत गाडी चालवत होता. कुंदापूर, उडुपी, पुढे घाटाच्या पायथ्यापर्यंत तो प्रत्येक ट्रकवर हॉर्न वाजवत राहिला. मग म्हणाला, आमच्या घरच्या मराठीत, म्हणजे लीलाबाईंना कळू नये म्हणून, "माझी बाई तू पळवलीस."

"हो," मी म्हटलं.

"लाज नाही वाटत?"

"स्वल्प वाटते. पण मला स्वयंपाकीण हवी होती."

"मासे रांधणारा असा हात सांबारात घालणार!"

मी सुकटीच्या वासाला म्हणून खिडकीची काच खाली केली.

शिराडी घाट चढून वर आलो तेव्हा चहासाठी थांबलो. टपरीवाल्याची लाकडाची चूल होती, ओलं लाकूड, धूर सरळ बाकांवर येत होता. आम्ही दोघं बाकावर बसलो. लीलाबाई बसल्या नाहीत. त्यांनी चहाचा पेला घेतला, दोन्ही बाजूंना ट्रक बघितले आणि रस्ता ओलांडून पलीकडे दरीच्या कठड्यापाशी जाऊन उभ्या राहिल्या. तिथे पाठ आमच्याकडे करून, सावकाश, एकेक घोट घेत चहा प्यायल्या. खोकला आला नाही.

वसंत बघत होता. एकदा चुलीकडे, एकदा पलीकडे. मग त्यानं आपला पेला उचलला आणि तोही रस्ता ओलांडून गेला. मी मागोमाग गेले. भावाला एकटं सोडलं की तो काहीतरी कबूल करून बसतो.

"लीलक्का," तो म्हणत होता, "समजा मी गॅस लावला, तर?"

लीलाबाईंनी उरलेला चहा संपवला, पेला झटकला.

"तर पुढच्या वर्षी विचारा," त्या म्हणाल्या. "आधी अक्कांची वाफ बघून येते."